जमिनीचें दप्तर आणि संगणकाची खिडकी

अहिल्यानगर जिल्ह्यांत पिंपळगांव या नांवाचीं गांवें एकाहून अधिक आहेत. नगर तालुक्यांत पिंपळगांव माळवी, पारनेर तालुक्यांत पिंपळगांव रोठा, श्रीगोंद्याच्या बाजूस पिंपळगांव पिसा, तर संगमनेराकडे पिंपळगांव कोंझिरा. त्या त्या भागांतील माणसांचा या नांवांनीं कधीं घोटाळा होत नाहीं. परंतु पुण्यामुंबईस स्थायिक झालेल्या एखाद्या गृहस्थानें आपल्या वडिलोपार्जित शेताचा सातबारा घरीं बसून पाहावयाचा म्हटला, कीं महाभूलेख हें शासकीय संकेतस्थळ त्याला जिल्हा, तालुका, गांव आणि गट क्रमांक विचारतें. ही प्रश्नावली कित्येकांस कंटाळवाणी वाटते. वस्तुतः वेबसाइटच्या मागें माहितीचें दप्तर, म्हणजे डेटाबेस, कसा जोडतात याचें सारें मर्म या प्रश्नांतच सांठविलेलें आहे. आणि ज्याची जमीन आहे त्यानें तें समजून घेणें हिताचें आहे.

जमिनीची मोजदाद या प्रांताला नवी नाहीं. निजामशाहीचा कर्ता कारभारी मलिक अंबर १६२६ मध्यें वारला. त्याची जमीनमहसुलाची व्यवस्था इतिहासांत आजही नांवाजली जाते. पुढें राज्यें बदललीं, पण दप्तर राहिलें. आजच्या गांवदप्तरांत नमुना सात हा जमिनीवरील हक्कांचा, नमुना बारा हा पिकांचा; दोन्ही मिळून सातबारा. नमुना सहा ही फेरफारांची वही, आणि आठ-अ मध्यें एका खातेदाराची गांवांतील सारी जमीन एकत्र दिसते. या वह्या वेगवेगळ्या असल्या तरी गट क्रमांक, खाते क्रमांक व फेरफार क्रमांक यांच्या धाग्यांनीं त्या परस्परांत गुंफलेल्या आहेत.

नेमका हाच विचार १९७० मध्यें एडगर कॉड या गणितज्ञानें आयबीएम कंपनींत असतां शास्त्रशुद्ध रीतीनें मांडला. मोठा माहितीसंग्रह साध्या कोष्टकांत ठेवावा, आणि एका कोष्टकाचा दुसऱ्याशीं संबंध दोहोंत असलेल्या समान खुणेनें जोडावा, असें त्याचें म्हणणें. या मांडणीचा पहिला नियम असा, कीं एक गोष्ट एकाच ठिकाणीं लिहावी. उदाहरण घरचेंच आहे. २०२४ मध्यें अहमदनगर जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें. कागदावर छापलेलें जुनें नांव बदलावयाचें तर प्रत्येक पान स्वतंत्रपणें हातीं घ्यावें लागतें. उलट, ज्या डेटाबेसमध्यें जिल्ह्याचें नांव एकदांच नोंदून प्रत्येक गांवापुढें केवळ जिल्ह्याचा संकेतांक ठेवलेला असतो, तेथें एक ओळ सुधारतांच चौदाही तालुक्यांतील प्रत्येक उतारा नव्या नांवानें उमटतो. पिंपळगांवाचा घोटाळाही याच युक्तीनें मिटतो. माणसासाठीं नांव, यंत्रासाठीं संकेतांक. आणि संकेतांक दोन गांवांना एक कधींच नसतो.

आतां वेबसाइटकडे वळावें. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यानें १९८९ मध्यें वेबची कल्पना मांडली आणि १९९१ च्या सुमारास ती जगास खुली झाली. आरंभीं वेबवरील पान म्हणजे आधीं लिहून ठेवलेला कागदच होता. जो मागेल त्याला तोच मिळे. परंतु लाखों गटांचीं लाखों पानें आधीं लिहून ठेवणें शहाणपणाचें नव्हे, कारण आज नोंद बदलली कीं कालचें पान खोटें ठरतें. १९९३ मध्यें अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या केंद्रांत अशी सोय निघाली, कीं मागणी येतांच सर्व्हरनें एक प्रोग्रॅम चालवावा आणि तो जें लिहील तेंच पान म्हणून पाठवावें. त्या दिवसापासून वेबचें पान हा छापील कागद न राहतां विचारलेल्या प्रश्नाचें ताजें उत्तर बनलें. पडद्यावर दिसणारा सातबारा तेथें आधींपासून लिहिलेला नसतो. विचारल्या क्षणीं तो निरनिराळ्या कोष्टकांतून वेंचून जुळविला जातो.

या व्यवस्थेंत तिघेजण असतात. ब्राउझर हा अर्जदार, प्रोग्रॅम हा कारकून, आणि डेटाबेस हें कुलूपबंद दप्तर. अर्जदारानें दप्तरखान्यांत पाऊल टाकावयाचें नाहीं. त्यानें खिडकीशीं अर्ज द्यावा, कारकुनानें तो तपासावा आणि हवी ती नोंदच बाहेर आणावी. येथें एक धोका मात्र ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. समजा, गट क्रमांकाच्या रकान्यांत कोणा खोडसाळानें क्रमांकाऐवजीं ‘सर्व वह्या बाहेर काढा’ असें लिहिलें, आणि भोळ्या कारकुनानें तो वरिष्ठांचा हुकूम समजून अमलांत आणला, तर अनर्थ ओढवेल. संगणकाच्या जगांत अशा चोऱ्या खरोखर घडलेल्या आहेत. म्हणून जाणता प्रोग्रॅमकार हुकुमाचा मसुदा आधींच पक्का करून ठेवतो. अर्जदाराचा मजकूर मोकळ्या जागेंत केवळ मजकूर म्हणून बसतो, त्याला हुकुमाचें रूप कधींच येत नाहीं.

वाचण्यापेक्षां लिहिण्याचें काम अधिक जोखमीचें. एकानें शेत विकलें, दुसऱ्यानें घेतलें. हस्तलिखित सातबाऱ्यावर जुन्या नांवाला कंस पडे व नवें नांव खालीं येई. समजा, संगणकावर जुनें नांव कमी झालें आणि त्याच क्षणीं वीज गेली. मग ती जमीन कोणाची? यासाठीं डेटाबेसचा नियम असा, कीं अशा जोडीच्या नोंदी एकतर दोन्ही पुऱ्या व्हाव्या, नाहींतर एकही होऊं नये. अर्ध्यावर राहिलेला व्यवहार यंत्र आपण होऊन मागें घेतें. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणींत तर शेतकरी स्वतःच आपल्या मोबाइलवरून पिकाची नोंद छायाचित्रासह करूं लागला. म्हणजे खिडकी आतां दोन्ही अंगांनीं उघडली आहे.

इतकी शिस्त असूनही एक गोष्ट यंत्राच्या आवांक्याबाहेरची आहे. लिहिलेलें बरोबर लिहिलें कीं नाहीं, हें तें जपतें. लिहिलेलें खरें कीं खोटें, हें त्याला कळत नाहीं. वडील वारले, भावांनीं वारस म्हणून आपलीं नांवें दिलीं आणि लग्न होऊन परगांवीं गेलेल्या बहिणीचें नांव राहिलें, तर संगणक ती चूकही तितक्याच निष्ठेनें जगभर दाखवील. आणि कायद्याच्या दृष्टीनें ही चूक क्षुल्लक नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम १५७ अन्वयें अधिकार अभिलेखांतील प्रमाणित नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते.

म्हणूनच त्याच संहितेच्या कलम १५० नें नोंद पक्की होण्यापूर्वीं एक सवड ठेविली आहे. तलाठी म्हणून लोक ज्याला ओळखतात तो गांवचा महसूल अधिकारी फेरफार लिहितो, त्याची प्रत चावडींत लावतो आणि हितसंबंधितांस नोटीस देतो. हरकतीसाठीं १५ दिवसांची मुदत असते. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या वहींत जाऊन त्याची चौकशी होते. पूर्वीं चावडीची ती भिंत गांवांत राहणाऱ्यालाच वाचतां येई. परगांवीं गेलेल्या बहिणीला किंवा नोकरीवर गेलेल्या भावाला ती दिसत नसे, आणि मुदत निमूटपणें टळून जाई. आतां ‘आपली चावडी’ या नांवानें तीच भिंत शासनाच्या संकेतस्थळावर उभी आहे. गांव निवडलें, कीं तेथील चालू फेरफार मुंबईच्या चाळींतूनही वाचतां येतात.

वेबसाइटला डेटाबेस जोडण्याचा खरा लाभ हा आहे. उतारा लवकर मिळतो, हेलपाटा वांचतो, हें सोयीचें खरेंच. शुल्क भरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा कचेरींतही चालतो, तर विनामूल्य दिसणारा केवळ माहितीसाठीं असतो, हा भेदही लक्षांत ठेवावा. परंतु या सोयीहून थोर गोष्ट ही, कीं दूर गेलेल्या माणसाला वेळेवर ‘हें असें नाहीं’ असें म्हणण्याची संधि मिळाली. संधि यंत्रानें दिली. ती घेणें मात्र माणसाच्याच हातीं आहे. ज्या घरांत गांवाकडच्या शेताची आठवण सणावारींच निघते, त्या घरानें वर्षांतून दोनचार वेळां तरी ही चावडी वाचावी, आणि आपल्या सातबाऱ्यावरील प्रत्येक नांव, बहिणींच्या नांवांसह, बोट ठेवून तपासावें.