झोपेत दात खाणाऱ्यांसाठी

सकाळी जबडा आखडलेला, कानशिलं दुखताहेत, गार पाणी दातांना झोंबतंय, आणि घरचे सांगतात, ‘रात्रभर कराकरा दात खात होतास.’ आपल्याकडे याचं खापर लगेच पोटातल्या जंतांवर फुटतं. मोठ्या माणसांत मात्र ताण, अपुरी झोप, तंबाखू, दारू, उशिराची कॉफी यांकडे आधी बघावं. खोपोलीसारख्या कारखान्यांच्या गावात पाळ्या बदलतात, झोपेची घडी विस्कटते. म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

दंतवैद्य दातांचं माप घेऊन अ‍ॅक्रिलिकचं कडक आवरण बनवून देतात, तो नाइट गार्ड. बहुधा वरच्या दातांवर बसतो. त्याने सवय मोडेलच असं नाही. झीज गार्डची होते, दातांचं इनॅमल वाचतं. आणि इनॅमल एकदा गेलं की पुन्हा येत नाही. दुकानातले तयार गार्ड स्वस्त असतात, पण नीट बसले नाहीत तर जबड्याला त्रासच. खर्च जड वाटत असेल तर खोपोली लोकलने सीएसएमटी गाठा. शासकीय दंत महाविद्यालय स्थानकाजवळच आहे.

गार्ड रोज सकाळी गार पाण्यात मऊ ब्रशने घासा. गरम पाण्याने तो वाकडा होतो. आपल्या पावसाळ्यात काही वाळत नाही, तेव्हा पुसून, भोकं असलेल्या डबीत ठेवा.

जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकणं असेल, तर गार्डआधी डॉक्टरांकडून झोपेची तपासणी करून घ्या. लहान मुलांची ही सवय बहुतेकदा वाढत्या वयात आपोआप सुटते. त्यांना सहसा गार्ड देत नाहीत.