मालकच विकू लागले, तर...

सोनं घ्यायला गेलो की सराफ कसोटीवर रेघ ओढून दाखवतो. सोन्याच्या खाणीचा शेअर घेताना मात्र आपल्या हाती फक्त कंपनीचा शब्द असतो. मी कवितेचा माणूस. बोलण्यात आणि वागण्यात अंतर दिसलं की माझे कान टवकारतात.

कॅनडातल्या ब्री-एक्स कंपनीची गोष्ट घ्या. इंडोनेशियातल्या बुसांग इथं सोन्याचा प्रचंड साठा सापडल्याचं तिनं जाहीर केलं. शेअर भडकला, बाजारमूल्य सहा अब्ज कॅनेडियन डॉलरवर गेलं. सामान्य लोकांची बचत आणि पेन्शन फंडांचा पैसाही त्यात होता. खाणकामात खडकाचा नमुना उभा चिरून अर्धा भाग पुन्हा तपासण्यासाठी जपायची रीत आहे. इथं जवळजवळ सगळा नमुना दळून टाकत. कस लावायला काही उरतच नव्हतं.

कंपनीचे मुख्य भूशास्त्रज्ञ जॉन फेल्डरहॉफ यांनी १९९६ मध्ये सुमारे ८.४ कोटी कॅनेडियन डॉलरचे शेअर विकले. मार्च १९९७ मध्ये दुसऱ्या कंपनीनं तिथं खोदून पाहिलं, तर सोनं नगण्य. मे महिन्यात स्वतंत्र तपासणीत उघड झालं, की नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं. शेअर मातीमोल झाला.

फेल्डरहॉफ यांच्यावर १९९९ मध्ये खटला भरला गेला. २००७ मध्ये न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. म्हणजे आतल्या माणसानं शेअर विकणं हा काही गुन्ह्याचा पुरावा नव्हे. घर, कर्ज, मुलांचं शिक्षण, त्यालाही गरजा असतातच. पण न्यायालयाचा निकाल येतो दहा वर्षांनी, आणि भागधारकाला निर्णय घ्यायचा असतो आज. म्हणून त्याचा प्रश्न शंकेखोरपणाचा नसतो, हक्काचा असतो : साठा एवढा मोठा, तर आपण का विकता?

आपल्याकडे सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार प्रवर्तक किंवा संचालकाचे एका तिमाहीतले व्यवहार दहा लाख रुपयांवर गेले, की ती माहिती शेअर बाजाराकडे जाहीर व्हावी लागते. ती कुणालाही वाचता येते. पण आपण भाव रोज पाहतो, ही माहिती सहसा पाहत नाही. ती वाचावी. एखादी विक्री खटकली, तर वार्षिक सभेत उभं राहून विचारावं. शेअर एक असो की हजार, विचारण्याचा हक्क सारखाच आहे. उत्तर सरळ आलं तर उत्तमच. टाळाटाळ झाली, तर तेही एक उत्तरच समजावं.