धरण उशाला, कोरड घशाला

(भातसानगर येथील वाचक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज सायंकाळी येथे येताना एस.टी.च्या थांब्यावर चार महाविद्यालयीन तरुण तावातावाने बोलत उभे होते. कुठल्याशा इंग्रजी अद्भुतरम्य मालिकेचे नवे भाग त्यांनी पाहिले होते. "पुस्तकात हा राजा असा वागतच नाही," असे एक जण ठासून सांगत होता आणि उरलेले तिघे त्याच्याशी भांडत होते. माझ्यासोबतच्या कार्यकर्त्याच्या कपाळाला आठी पडली. मला मात्र त्या तरुणाचे कौतुक वाटले. त्याने पुस्तक वाचले होते, म्हणूनच पडद्याला जाब विचारण्याचे बळ त्याच्यापाशी होते.

आपल्यापैकी चाळिशी ओलांडलेल्यांना १९९४ साल आठवत असेल. नीरजा गुलेरी यांची 'चंद्रकांता' रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागे. क्रूरसिंहाचे 'यक्कू' घराघरांत गाजले. अखिलेंद्र मिश्रा यांच्या त्या भूमिकेची नक्कल न करणारे मूल सापडणे कठीण होते. सोमवारी कचेरीत, शाळेत, पाणवठ्यावर चर्चा एकच : पुढे काय होणार? परंतु "मुळात काय होते?" हे विचारणारा क्वचितच भेटे. कादंबरीचा धागा घेऊन मालिकेने कितीतरी पात्रे आणि उपकथानके बाहेरून आणली. ते कोणाच्या ध्यानातही आले नाही, कारण मूळ ग्रंथ आपण वाचलाच नव्हता.

आता दुसरे उदाहरण पाहा. 'गेम ऑफ थ्रोन्स' ही अमेरिकी मालिका २०११ पासून २०१९ पर्यंत चालली. तिच्यातील उघडेवाघडे चित्रण आपल्या घरांत एकत्र बसून पाहण्यासारखे नाही, हे मी स्पष्टपणे सांगतो. पण तिच्या चाहत्यांकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांचे पाच खंड त्यांनी वाचले होते. मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली आणि शेवट घाईघाईने उरकला, असे वाटताच दहा लाखांहून अधिक लोकांनी अखेरचे पर्व पुन्हा करा, अशा मागणीवर नावे नोंदवली. मागणी मान्य झाली नाही, ती वाजवी होती की नव्हती हाही वेगळा प्रश्न. परंतु आपल्या कथेवर आपला अधिकार आहे, ही जाणीव त्यामागे होती. परक्यांच्या कथेवर आपले तरुण हा अधिकार सांगतात. स्वतःच्या कथेवर कधी सांगणार?

'चंद्रकांता'चे लेखक देवकीनंदन खत्री यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. हा गृहस्थ कोणी पंडित नव्हे. चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका त्यांच्याकडे होता. त्या रानांत फिरताना भग्न किल्ले, गुहा, ओसाड वास्तू त्यांनी डोळे भरून पाहिल्या, आणि १८८८ च्या सुमारास त्यांतून 'चंद्रकांता' साकारली. पुढे 'चंद्रकांता संतति'चे चोवीस भाग झाले. ही पुस्तके वाचता यावीत म्हणून असंख्य लोक नागरी लिपी आणि हिंदी शिकले, अशी हिंदी वाङ्मयेतिहासात नोंद आहे. त्यांतील 'तिलिस्म' आणि 'ऐयार' हे शब्द फारसी-उर्दू दास्तानांतून आलेले. पण खत्रींनी ते विंध्याच्या मातीत असे रुजवले की ते परके राहिलेच नाहीत. आत्मविश्वास असलेला समाज बाहेरचे घेताना भीत नाही. घेतलेले तो आपल्या पायांवर उभे करतो.

मराठीत हे नव्हते काय? लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, म्हणजे 'चंद्रकांता'च्याही आधीची. रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. नाथमाधवांची 'वीरधवल' तर पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. सिंहगडावर झालेल्या अपघाताने नाथमाधवांचे शरीर अधू झाले. त्यानंतर त्यांनी लेखणी हाती घेतली. या तीन पुस्तकांपैकी एक तरी आपल्या मुलांनी पाहिले आहे काय?

आणि रानात भग्न किल्ले हवेत, तर ते आपल्या दाराशी आहेत. हा समोर माहुली. येथेच १६३६ साली शहाजीराजांनी मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्याशी झुंज दिली. पलीकडे मुरबाडच्या अंगाला गोरखगड आणि मच्छिंद्रगड. श्रावणात आपण ज्या नवनाथांच्या पोथीचे पारायण करतो, तिच्यातील अद्भुत कथांची नावे धारण करून हे सुळके उभे आहेत. त्याच्याही पुढे सातवाहनांचा नाणेघाट. नौगढच्या ठेकेदाराला जे सुचले, ते शहापूरच्या एखाद्या वनरक्षकाला, शिक्षकाला, अभियंत्याला का सुचू नये?

भातसेचे पाणी येथून मुंबईला जाते आणि मुंबईची करमणूक छत्रीतून, भ्रमणध्वनीतून येथे येते. उन्हाळ्यात याच तालुक्यातील पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. "धरण उशाला, कोरड घशाला" ही म्हण तुम्हांला समजावून सांगण्याची गरज नाही. वाङ्मयाच्या बाबतीत आपली गत तीच आहे. मात्र पाण्याच्या कोरडेचा दोष दुसऱ्याला देता येतो. ही कोरड आपण स्वतः ओढवून घेतलेली आहे.

म्हणून मुलांच्या हातून मालिका हिसकावून घेऊ नका. त्याने काही साधणार नाही. त्यांना पाहू द्या, भांडू द्या. फक्त त्या भांडणात आपली पुस्तके आणा. या दिवाळीत प्रत्येक घराने किमान एक जुनी मराठी कादंबरी मिळवावी, रात्रीच्या जेवणानंतर तिचे एक प्रकरण मोठ्याने वाचावे, आणि सुटीत मुलांना माहुलीवर न्यावे. थांब्यावरच्या त्या तरुणांना मी आजच्या सभेचे निमंत्रण दिले होते. त्यांपैकी दोघे मागच्या रांगेत बसलेले मला दिसत आहेत. ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली आज त्यांच्या हाती द्यावी, एवढीच आयोजकांना विनंती करतो आणि थांबतो.