सर निघाले, मग आपण?



पीएच.डी. करणाऱ्यांना चार शब्द सांगा, असं निमंत्रणाच्या पत्रात लिहिलं होतं. पण मॅडम कामा रोडवरून 'इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स'मध्ये शिरले, जीवरसायनाच्या लॅबकडे जाणारा जिना दिसला आणि मी तिथेच अडकले.  जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी इथल्याच संचालक होत्या. नीरेवरचं त्यांचं काम आम्हाला पाठ होतं. त्यांच्या केंब्रिजच्या दिवसांबद्दल मात्र आपण फार कमी बोलतो.

तिथे डेरेक रिक्टर यांनी त्यांना कामाला टेबल दिलं. पुढे रिक्टर दुसरीकडे गेले. कमलाबाई केंब्रिजमध्येच राहिल्या आणि वनस्पतींवर काम करणाऱ्या रॉबिन हिल यांच्याकडे गेल्या. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी सापडलं. पेशीच्या श्वसनात ते इलेक्ट्रॉन पुढे पोचवतं. रसायन आज एवढंच पुरे. त्यांचा प्रबंध जेमतेम 40 पानांचा.

कमलाबाईंसारखीच वेळ माझ्यावरही आली. माझे गाईड दुसऱ्या विद्यापीठात निघाले, तेव्हा मी तिसऱ्या वर्षाला होते. मी त्यांना विचारलं, सेंट्रिफ्यूज सोबत येणार का? फेलोशिप चालू राहील का? कोर्सवर्क पुन्हा करावं लागेल का? सर मुळीच रागावले नाहीत. सेंट्रिफ्यूज संस्थेच्या मालकीचं, ते हलणार नव्हतं. माझं सगळं काम त्यावर, म्हणून मी राहिले आणि सर सहमार्गदर्शक झाले. माझ्या मैत्रिणीचं काम मात्र रोज सरांशी बसून गणितं सोडवण्याचं होतं. ती त्यांच्यामागे गेली, आणि तिनं योग्यच केलं.

म्हणून मुलांनो, विचारा! 'सर म्हणतील तसं' हे उत्तर मला कुठल्याच विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकवत नाही. आदर ठेवा, पाया पडा, पण उठून उभे राहिलात की विचारा. पीएच.डी.ची तुमची वर्षं तुमची आहेत. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत सर्वसाधारण कमाल मुदत 6 वर्षांची आहे. त्यातली किती उरली, हे आधी मोजा. इथे बसलेल्या आयांनो, हेही ऐका: लग्नामुळे किंवा अन्य कारणानं मुलीला गाव बदलावं लागलं, तर त्याच नियमांनुसार तिला संशोधनाची माहिती नव्या संस्थेत नेता येते. मात्र काम निधी मिळालेल्या प्रकल्पातलं नसावं आणि जुन्या संस्थेला, गाईडला श्रेय द्यावं. तेव्हा 'आता पुरे झालं शिक्षण' असं तिला म्हणू नका.

आणि पहिल्या रांगेतले सर, मॅडम, तुम्हालाही विनंती. दुसरीकडच्या नेमणुकीचं पत्र हातात पडेल त्या दिवशी तुमच्या विद्यार्थ्यांना बोलावून सांगा. त्यांना ही बातमी कँटीनमध्ये कळू नये. संचालकसाहेब, नोंदणीच्या वेळीच प्रत्येकाला एक सहमार्गदर्शक देता आला, तर पुढच्या बॅचपासून ते सुरू करा.