पहिली कालवड दुसऱ्याला



मागच्या पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी एका सेवाभावी क्लबाने मला कविता वाचायला बोलावलं होतं. कविता झाल्या, चहा झाला आणि त्यांची बैठक सुरू झाली. विषय होता, नेपाळमधल्या बायकांच्या शेळीपालनाला मदत पाठवावी का? एक सभासद म्हणाले, "आपल्याकडचे गरीब संपले का, की शेळ्या परदेशात द्यायच्या?" अध्यक्ष माझ्याकडे वळले. "कवी, तुम्ही सांगा." मला बोलायला काही सुचलं नाही. आठवली ती अम्मीची शेळी.

अब्बा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आमचं गाव कोकणातलं. शहरातल्या एका मंडळाने विधवा बायकांना शेळ्या वाटल्या. अम्मीही रांगेत उभी राहिली. पदर पुढे ओढून, दोर हातात धरून ती खाली बघत होती आणि फोटोवाला म्हणत होता, "वर बघा, हसा." शेळी घाटावरची, कोरड्या हवेत वाढलेली. आमच्याकडे चार महिने धो धो पाऊस आणि पडवीत कायम ओल. श्रावणापर्यंत तिचे खूर सडले आणि ती गेली. बांधायला जागा आहे का, आजारी पडली तर दाखवणार कुणाला, एवढं कुणी विचारलं नव्हतं. वर्षभराने मंडळाचे लोक आले. बाईने शेळी विकून खाल्ली, असं समजून निघून गेले. अम्मी त्यांना एक शब्दही बोलली नाही.

पुढे शेजारच्या मावशींनी आपली गावठी शेळी अम्मीला अर्धलीने दिली. म्हणजे सांभाळायचं आपण, करडं निम्मी त्यांची, निम्मी आपली. अम्मी मावशींच्या ओटीवर बसून हिशेब करायची. वेळ पडली तर हक्काने भांडायचीसुद्धा.

बैठकीहून परतल्यावर मी नेपाळच्या त्या कामाची माहिती काढली. ते हेफर इंटरनॅशनल या अमेरिकी संस्थेचं होतं. हेफर म्हणजे कालवड. डॅन वेस्ट नावाचा अमेरिकी शेतकरी १९३० च्या दशकात, स्पेनमधल्या यादवी युद्धाच्या काळात, तिथल्या उपाशी मुलांना दूध वाटत होता. दूध संपायचं, रांग संपायची नाही. पेलाभर दुधाऐवजी गायच दिली तर, असं त्याच्या मनात आलं. १९४४ साली १७ कालवडींची पहिली खेप पोर्तो रिकोला गेली. संस्थेची रीत अशी, की मिळालेल्या गाईला होणारी पहिली कालवड दुसऱ्या गरजू कुटुंबाला द्यायची. नेपाळमधले बायकांचे गट शेळ्यांच्या बाबतीत हेच करतात. आधी गोठ्याचं, चाऱ्याचं शिक्षण, मग जनावर. आणि पुढे एके दिवशी घेणारी बाई देणारी होऊन गावासमोर उभी राहते.

आधी न विचारण्याची चूक फक्त आमच्या गावातच झाली असं नाही. १९७० च्या दशकात एर्नेस्टो सिरोली हा इटालियन तरुण आपल्या संस्थेबरोबर झांबियात शेती शिकवायला गेला. नदीकाठच्या सुपीक जमिनीत त्यांनी टोमॅटो लावले. पीक जोमात आलं. टोमॅटो लाल झाले आणि एका रात्री नदीतून पाणघोडे आले. सगळं फस्त! गावकरी म्हणाले, म्हणूनच आम्ही इथे शेती करत नाही. मग आधी का नाही सांगितलं? तर म्हणे, तुम्ही विचारलंच नाही. ही फजिती सिरोली स्वतःच लोकांना सांगत आला आहे.

१९०५ साली शिकागोत सुरू झालेल्या रोटरीच्या जागतिक अनुदानाला आज दोन अटी आहेत. जिथे काम व्हायचं तिथलाही क्लब सोबत हवा आणि त्या गावाची गरज आधी गावाकडूनच समजून घेतलेली हवी. एवढ्या दोन अटी कुणी पाळल्या असत्या, तर अम्मीची शेळी वाचली असती.

पुढच्या बैठकीला मी न बोलावता गेलो. म्हणालो, नेपाळला द्यावं की तालुक्यात, हा वादच नको. दोन्हीकडे द्या. पण विचारून द्या, आणि घेणाऱ्याच्या हातून पुढे जाईल असं द्या. ते सभासद जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आपल्या वाडीवर विचारायला मी जातो."

एक सांगायचं राहिलं. त्या गावठी शेळीचं आमच्या वाट्याला आलेलं पहिलं करडू मादी होतं. ती पाठ मोठी झाल्यावर अम्मीने रांगेत तिच्या मागे उभी असलेल्या बाईला दिली, अर्धलीनेच. तसं करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. दोर हातात देताना अम्मी वर बघून हसत होती. तेव्हा मात्र तिथे फोटोवाला नव्हता.