राहिलेल्या पदवीचा हिशेब



मी पायदळातून निवृत्त झालेला माणूस आहे. प्राध्यापक नाही, शिक्षणतज्ज्ञ तर नाहीच. फौजेत जाण्याआधी मिळवलेली साधी बी.ए., एवढंच माझं शिक्षण. पण निवृत्तीनंतर बेळगावात स्थायिक झालो आणि गेली 11 वर्षं एकाच कामात आहे. ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं, अशा तीस-चाळीस-पन्नास वर्षांच्या माणसांना पुन्हा पदवीच्या वाटेला लावायचं. आज त्याबद्दलच बोलतो.

या कामाची गरज मला कळली ती जवानांमुळे. 2022 च्या आधीच्या पद्धतीत आपला जवान अठरा-वीस वर्षांचा असताना भरती व्हायचा. पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. मुलं शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात आणि अजून वीस-बावीस वर्षं कमवायचं असतं. 15 वर्षं नोकरी झालेल्या दहावी पास माजी सैनिकाला केंद्र सरकारच्या गट क मधल्या काही पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीचं धरतात. ही सवलत चांगली आहे, पण तिच्या जोरावर बी.एड. करता येत नाही, एम.ए.ला प्रवेश मिळत नाही. तिथे खरी पदवीच लागते. त्यामुळे ज्याने पलटणीत तीस-चाळीस माणसांची जबाबदारी पेलली, तो एखाद्या सोसायटीच्या गेटवर वही घेऊन बसतो. त्या कामात कमीपणा काहीच नाही. पण दुसरा रस्ताच नाही म्हणून बसावं लागणं, हे मला खटकतं.

आता ही माणसं अडतात कुठे, ते सांगतो. बुद्धीपाशी अडलेलं मी क्वचितच पाहिलं. नकाशा वाचून रात्रीच्या अंधारात तुकडी ठिकाणावर नेणारा हवालदार अर्थशास्त्राच्या पुस्तकाला घाबरत असेल, तर त्याचं कारण डोक्यात नाही, मनात असतं. तो म्हणतो, ‘साहेब, मुलगी बारावीला आहे. तिच्यासमोर मी पुस्तक घेऊन बसू?’ मी म्हणतो, तिच्यासमोरच बसा. एका टेबलावर दोघं बसा. ज्या घरात बाप अभ्यास करतो, त्या घरात मुलांना ‘अभ्यासाला बस’ असं ओरडून सांगावं लागत नाही.

दुसरी अडचण वेळेची. इथे मी हिशेब मांडतो, कारण फौजी माणसाला हिशेब पटतो. मुक्त शिक्षणात 1 श्रेयांक म्हणजे साधारण 30 तासांचा अभ्यास. 3 वर्षांच्या पदवीला 120 श्रेयांक धरा. झाले 3,600 तास. रोज 2 तास बसलात, तर 1,800 दिवस, म्हणजे जवळजवळ 5 वर्षं. आकडा ऐकून लोक दचकतात. पण इग्नूसारखं विद्यापीठ 3 वर्षांच्या पदवीसाठी 6 वर्षांपर्यंत मुदत देतं, ती याच माणसांसाठी. नोकरी आणि संसार सांभाळणाऱ्याने पदवी 5 वर्षांत घेतली, तर तो मागे पडला असं कोणी म्हणू नये. 5 वर्षं तशीही जाणारच आहेत.

तिसरी अडचण कागदांची. दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. बायकांचं माहेरचं नाव गुणपत्रिकेवर, सासरचं बाकी सगळीकडे. शेवटच्या तारखेला हे लक्षात येतं आणि प्रवेश हुकतो. म्हणून मी आधी पुस्तकांचं बोलतच नाही. पहिल्या भेटीत सगळे कागद टेबलावर मांडायला सांगतो.

चौथी अडचण हाताची. हसू नका. वीस वर्षं ज्याने सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही, त्याला तीन तास पेपर लिहिणं म्हणजे मोठी चढण आहे. अर्ध्या तासात बोटं आखडतात. त्यावर माझा उपाय साधा आहे: रोज एक पान. वर्तमानपत्रातली बातमी वाचायची आणि आपल्या शब्दांत लिहून काढायची. तीन महिन्यांत हात सुटतो. घरी लिहून द्यायचे स्वाध्यायही मग जड जात नाहीत.

एका ताईंचं सांगतो. त्या जवानाच्या पत्नी. नवरा गेला तेव्हा त्या बारावी पास होत्या, पदरात दोन मुलं. एका दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसायच्या. त्यांच्यानंतर आलेल्या पदवीधर मुली पुढे जात होत्या आणि कामं शिकवायला मात्र याच ताई. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांनी प्रवेश घेतला. पहिल्याच परीक्षेत दोन विषय राहिले. सासूबाई म्हणाल्या, ‘झालं ना समाधान? आता पुरे.’ ताई मला प्रवेश रद्द कसा करायचा ते विचारायला आल्या होत्या. मी त्यांना विचारलं, बाकीच्या विषयांचं काय झालं? ते सुटले होते. मुक्त विद्यापीठात सुटलेला विषय सुटला. राहिलेला तेवढा पुढच्या परीक्षेत द्यायचा, वर्ष वाया जात नाही. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. शाळेतलं ‘नापास’ त्यांच्या मनात तसंच बसलं होतं. पदवीला त्यांना साडेपाच वर्षं लागली. आज त्या त्याच दवाखान्यात नोंदी विभाग सांभाळतात. निकाल लागला तेव्हा पेढे सासूबाईंनीच वाटले.

सगळ्यांचं असं होत नाही. एका निवृत्त नायकाला ‘एका वर्षात पदवी, परीक्षेची चिंता नको’ असं सांगणारा एजंट भेटला. निवृत्तीच्या पैशातले साठ हजार गेले आणि हातात आलेला कागद नोकरीच्या पडताळणीत टिकला नाही. पैशापेक्षा त्याला लाज जास्त लागली. पुन्हा प्रवेश घ्या म्हणून मी दोनदा त्याच्या घरी गेलो. तो चहा पाजतो, पण विषय काढू देत नाही. म्हणून हात जोडून सांगतो, प्रवेशाआधी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं आणि अभ्यासक्रमाचं नाव तपासा. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, असं आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे आडवाटेने जायचं कारणच नाही.

तुमच्यापैकी कोणी इंदूरला असेल, कोणी बडोद्याला, कोणी हैदराबादला. तुमच्यासाठी एक खास सूचना. उत्तरं कोणत्या भाषेत लिहिता येतील, ते आधी विचारा. फौजेत हिंदी बोलून आयुष्य गेलं, तरी हिंदीत पाच पानी उत्तर लिहिणं वेगळं. मराठीतून शिकायचं तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे. पण राज्याबाहेर राहणाऱ्याने परीक्षा केंद्र कुठे मिळेल, ते पाहूनच ठरवावं.

मोठ्यांनी शिकणं ही आपल्याकडे आजची गोष्ट नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी शेतकरी-कष्टकऱ्यांसाठी पुण्यात रात्रीची शाळा काढली ती 1855 मध्ये. दिवसभर राबून आलेली माणसं तिथे दिव्याच्या उजेडात अक्षरं गिरवत होती. आपल्याकडे तर इग्नूची पुस्तकं ई-ज्ञानकोशावर फुकट वाचायला आहेत.

तेव्हा आज घरी गेल्यावर मोठा संकल्प वगैरे करू नका. बारावीची गुणपत्रिका शोधा. तिच्यावरचं नाव आधारशी ताडून बघा. एक वही घ्या आणि एक पान लिहा. आणि तुमचं स्वतःचं शिक्षण पूर्ण झालं असेल, तर घरात, शेजारी, कामाच्या ठिकाणी ज्याचं राहिलंय, त्याच्याबरोबर बसून त्याचे कागद मांडा. पहिला अर्ज भरताना शेजारी कोणी बसलेलं असलं, की माणूस मागे फिरत नाही, एवढं मी या 11 वर्षांत पाहिलं आहे.