हाडाला काच जुळते कशी?



प्रेसमध्ये हात सापडलेल्या एका तरुण कामगाराला घेऊन मी एकदा दवाखान्यात बसलो होतो. हाडाचा तुकडाच गेला होता. त्याने विचारले, "भाऊ, गेलेलं हाड भरून येतं का?" मला उत्तर देता आले नाही. कामगारांत वावरणाऱ्याला कायद्याची कलमे पाठ असतात, हाडांची माहिती नसते. पुढे मिळेल ते वाचीत गेलो. त्यातून हाती लागलेली एक गोष्ट आज आपल्यापुढे ठेवतो.

शरीर परक्या वस्तूला सहसा आपले म्हणत नाही. तिच्याभोवती तंतूंचे वेष्टन विणून तिला अलग ठेवते. १९६७ साली अमेरिकेत लॅरी हेंच या काचतज्ज्ञाची व्हिएतनामहून परतलेल्या एका कर्नलशी बसमध्ये गाठ पडली. किरणोत्सर्ग सोसणारे पदार्थ तुम्ही करता, मग माणसाच्या शरीरात टिकणारा का करू नये, असे त्याने विचारले. १९६९ साली हेंच यांनी फ्लॉरिडा विद्यापीठात एक काच तयार केली. तिच्यात वजनाने ४५ टक्के सिलिका, सोडियम आणि कॅल्शियमची ऑक्साइडे प्रत्येकी २४.५ टक्के आणि फॉस्फरसचे ऑक्साइड ६ टक्के. उंदराच्या मांडीच्या हाडात बसविलेली ही काच सहा आठवड्यांनी ओढूनही निघेना!

असे का व्हावे? खिडकीच्या काचेत सिलिका सत्तर टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून ती पावसात टिकते. ही काच मात्र शरीराच्या द्रवात हळूहळू विरते. आधी सोडियम निघून जाते, पृष्ठावर सिलिकाचा मऊ थर उरतो, आणि त्यावर कॅल्शियम व फॉस्फेट साचून हाडातल्यासारखेच खनिज तयार होते. हाड घडविणाऱ्या पेशींना ती जागा ओळखीची वाटते आणि त्या तेथे कामाला लागतात. विरघळलेले सिलिकॉन व कॅल्शियम या पेशींतील अनेक जनुकांना चालना देते, असे लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील प्रयोगांत २००१ च्या सुमारास दिसून आले. पण प्रमाण सांभाळावे लागते. काच फार वेगाने विरली, तर भोवतालचा द्रव क्षारयुक्त होऊन त्याच पेशींना इजा होते.

म्हणजे हाड काच बांधीत नाही, पेशी बांधतात. काच त्यांना माल पुरविते आणि काम संपत येईल तशी स्वतः बाजूला होते. आम्हा चळवळीतल्या माणसांनी यातून काही शिकावे!

१९८५ पासून अमेरिकेत ही काच मध्यकर्णाच्या हाडांसाठी, पुढे जबड्यासाठी वापरात आली. फिनलंडमध्ये केलेल्या दुसऱ्या एका काचेचे कण पू झालेल्या हाडाच्या पोकळीत भरतात, कारण ती जंतूंनाही आवरते. परंतु काच ती काचच, ठिसूळ. शरीराचा भार तिच्यावर टाकता येत नाही. तेथे पट्टी आणि स्क्रूच लागतात.

तेव्हा त्या मुलाला आज मी सांगेन, "होय बाबा, पोकळी भरून येते." पण तुटून पडलेले बोट कोणतीही काच परत उगवीत नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने अंगठ्याची किंमत कमाईच्या क्षमतेच्या ३० टक्के ठरविली. त्याहून स्वस्त आहे ते प्रेसचे गार्ड. वाळूज आणि चिकलठाण्याच्या रस्त्यांनी रोज हजारो हात कामाला जातात. ते संध्याकाळी तसेच घरी यावेत, यासाठी विज्ञानाची वाट पाहण्याचे कारण नाही.